लवंगेची खूण आणि डॉट सीए

बोईसर,
अनंत चतुर्दशीनंतरचा मंगळवार

प्रिय कमलेश,

हे पत्र हाताने लिहून, पानांचे फोटो काढून तुला मेलने पाठवते आहे. यात टपालखात्याचा अपमान आहे आणि संगणकाचाही, पण दुसरा मार्ग दिसला नाही. तुझा रविवारचा फोन तुझी आई स्पीकरवर ठेवते, सरावलीतली निम्मी आळी तो ऐकते, आणि तू 'हो', 'बरं', 'बघू' एवढ्यावर अर्धा तास काढतोस. पहिली दोन अव्ययं. तिसरं एके काळी क्रियापद होतं, तुझ्या तोंडी राहून राहून त्याचंही अव्यय झालं. माझे अण्णा असते तर तुला भिंतीकडे तोंड करून रूपं म्हणायला लावली असती. असो. आज जे लिहायचंय ते आळीदेखत बोलण्यासारखं नाही, तेव्हा जरा निवांत बसून वाच.

आधी बातमी. झिपरू तुमचा कारखाना सोडून निघाला. म्हणजे अजून गेला नाही, खंडेनवमीची हत्यारांची पूजा करून जाणार आहे, म्हणजे तीनेक आठवडे. सालवडला एकाने संगणकावर दागिन्यांचे ठसे कापणारं यंत्र आणलंय, आणि यंत्राने कापलेल्या ठशावर शेवटचा हात फिरवायला त्याला माणूस हवाय. यंत्राचंही शेवटी झिपरूवाचून अडलं, एवढंच काय ते समाधान. पण तुझे बाबा, आमचे दादूकाका, जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तुमचा कारखाना या एका माणसाच्या दोन हातांवर चाललाय. तो उठला की तिथे उरेल एक ऐरण, एक पंखा आणि तुझी आई, जयवंतीकाकू. मी समजूत घालायला गेले, तर छिन्नी न थांबवता म्हणाला, "बाय, तेवीस वर्सं कोरतो मी. काम माझा, नाव नाय. तिकडं पन नाव नायच, पन तिकडं एसी तरी हाय." माझ्या वर्गातला पंखासुद्धा मुख्याध्यापकांची फेरी आली तरच फिरतो.

परतताना मला उगाच आपली आठवी आठवली. संस्कृत घेतलेल्या नऊ मुलांत तू एकटाच असा होतास, की ज्याला भाषा नको होती, मार्क हवे होते, आणि ते तू अण्णांना शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलंस. मला वाटलं, आता हा घरी जातो. अण्णा म्हणाले, "प्रयोजन स्पष्ट आहे. बैस." वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत तुझ्याआधी तेलाचा आणि पोलादाच्या किसाचा वास शिरायचा. वहीच्या प्रत्येक पानावर तुझा काळा अंगठा. अण्णा वही तपासून खाली सही करायचे आणि म्हणायचे, याची सही आधीच झालेली आहे. तुला राग यायचा नाही. तुला कशाचाच राग यायचा नाही, तू नुसता गप्प बसायचास, आणि ते गप्प बसणं लोकांना शहाणपण वाटायचं. मलाही वाटायचं. बरीच वर्षं.

मी तुमच्याकडे यायचे ती चॉकलेटचे चंदेरी कागद घेऊन. दादूकाका एखादा जुना ठसा पुढे सरकवायचे. त्यावर कागद, वर शिशाची चकती, आणि हातोडीचा एक ठोका. कागद उचलला की पान: शिरांसकट, देठासकट. सोनार याच्यावर सोन्याचा पत्रा ठोकतात आणि त्याचं मंगळसूत्र, कुड्या, काय काय होतं, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. तेव्हा वाटायचं, पान कागदात होतंच, काकांनी फक्त हाक मारून उठवलं. त्या कागदी कुड्या डिंकाने कानाला चिकटवून मी एकदा शाळेत आले आणि तू मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत जाहीर केलंस, "हिच्या कानात आमचा नापास ठसा हाय." मैत्रीचा आरंभ म्हणून हे फार वाईट नव्हतं.

पास झालेला ठसा कसा ओळखायचा, हेही तूच शिकवलंस. काका डोळे मिटून त्याच्यावर अंगठा फिरवायचे. अंगठा कुठे अडखळला तर ठसा पुन्हा कानशीखाली. नाही अडखळला, तर बुडाशी तो छोटा पंच धरून एक ठोका, की तांदळाएवढी लवंग उमटायची: चार पाकळ्या, मधे बोंड. झवेरी बाजारातली जुनी माणसं तुमच्याकडचा ठसा हातात आला की आधी उलटा करून लवंग बघत. आणि ती खूण ज्याची बैठक, म्हणजे ज्याच्याकडे कारखाना, त्यानेच मारायची, हा तुमच्या घरचा नेम. तुझ्या आजोबांनी पंच काकांच्या हातात दिला, काका तुझ्या हातात देणार होते.

तू जायच्या आदल्या संध्याकाळी आपण तिघं चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो होतो, आठवतं? भरती उतरलेली, ओल्या वाळूवर आपल्या पावलांत पाणी साचत होतं. झिपरू नुकताच कामाला लागलेला, चांगला दाढी फुटलेला बाप्या, पण समुद्राकडे बघताना पोरासारखा बघत होता. त्याने विचारलं, कॅनडा कुठल्या अंगाला? तू लिफ्टच्या कंपनीचा होऊ घातलेला इंजिनियर, मोठ्या ऐटीत पश्चिमेकडे बोट केलंस. तो म्हणाला, "म्हंजे सरल गेला तं मुंबय लागतच नाय. बरा हाय." आपण हसलो. मग तू न विचारता म्हणालास, "पाच वर्षं फक्त." याला बावीस वर्षं झाली. मी हिशेब मागत नाहीये. माणूस जिथे राहतो तिथे मूळ धरतं, त्यात गुन्हा नाही. मीही कुठे किनाऱ्यावर राहिले? लग्न होऊन स्टेशनपलीकडच्या दुसऱ्या मजल्यावर आले, समुद्र बघून आता वर्ष होईल.

काका गेले तेव्हा काकूने पंच लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवला. तेव्हापासून तुमच्याकडचे ठसे बिनखुणेचे जातात. दर खंडेनवमीला फडकं सुटतं, पंचाला हळदकुंकू लागतं, फडकं पुन्हा बांधलं जातं. "कमू आला का मारंल," काकू म्हणते. शेजारी उभा राहून झिपरू घंटा वाजवतो. खरं सांगू? झिपरूचा ठसा मी डोळे मिटून चाचपला आहे. माझा अंगठा काही दादूकाकांचा नव्हे, पण तो अडखळला नाही.

आता डॉट सीएच्या भानगडीकडे येते. तुझ्या ब्रॅम्प्टनच्या सोनाराला जुन्या वळणाची पानं हवीत, त्याच्या आजोबांच्या पेटीत लवंगेचे ठसे होते, आणि त्याला पुन्हा लवंगेचेच हवेत, इथवर तूच जुळवून दिलंस. मग त्याने कळवलं की तुमच्या कारखान्याचं पान इंटरनेटवर तिथल्या डॉट सीए पत्त्यावर दिसलं, तर त्याचे इतर सोनारही विश्वासाने बघतील. मी आणि झिपरूने माना डोलावल्या. पत्ता घ्यायचा म्हणजे बोईसरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन फॉर्म भरायचा, असं आमचं ज्ञान. नियम वाचायला बसले आणि थक्क झाले. आपल्याकडे वेदान्ताच्या ग्रंथात आरंभीच सांगतात, की हे वाचण्याचा अधिकारी कोण. मला वाटायचं, हे सोवळं आपलंच. पण या देशोदेशीच्या नावांचं शास्त्र त्याहून कडक निघालं.

आपलं डॉट इन म्हणजे धर्मशाळा; जगातल्या कुणीही यावं, नाव घ्यावं, पथारी पसरावी. समुद्रातली काही चिमुकली बेटं तर आपली दोन अक्षरं साऱ्या जगाला वाटून त्यावर संसार चालवतात. याउलट नॉर्वे तिथल्या सरकारी नोंदीचा क्रमांक मागतो, नसेल तर ओसरीवरही येऊ देत नाही. युरोपाची तर कमाल. ब्रिटन वेगळं झालं तेव्हा तिथल्या हजारो माणसांची डॉट ईयू नावं गेली. माणसं होती त्याच खुर्चीत बसलेली, पात्रता तेवढी उठून निघून गेली. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं, तर गणिताचे सर म्हणाले, बाई, तुम्ही बदलीचे नियम वाचताय का? आणि तुझा कॅनडा: तिथला नागरिक चालेल, तिथला कायमचा रहिवासी चालेल, तिथे नोंदलेली कंपनी, संस्था चालेल. परका नाही. यादीच्या शेवटाला मात्र एक बारीक खिडकी ठेवलेली: माणूस परका असला, पण त्याचं व्यापारचिन्ह तिथे रीतसर नोंदलेलं असलं, तर त्या चिन्हापुरतं नाव त्याला मिळेल. ही खिडकी ध्यानात ठेव. मी तिच्यातून खाली पडले आहे.

नाव झिपरूने सुचवलं होतं, 'दादू डाय', ठशाला इंग्रजीत डाय म्हणतात म्हणून. मी त्याचं इंग्रजी अनेकवचन 'दादू डाइज' करून तुला कळवलं आणि तू लगेच उत्तर दिलंस, की हे वाचून लोकांना बाबा वारल्याची बातमी वाटेल. म्हणून मग लवंगठसा. "मी घेतो नाव, तू काळजी करू नको," तू म्हणालास आणि त्याच दिवशी घेतलंससुद्धा. तू एखादी गोष्ट त्याच दिवशी केलीस, तिथेच मी चमकायला हवं होतं. मग ठशांचे फोटो चढवता यावेत म्हणून खात्याची किल्लीही मला पाठवलीस. मी आत शिरले. नाव, पत्ता, फोन, आणि खाली एक रकाना: नोंदणी करणाराचा प्रकार. मी 'कायमचा रहिवासी' असं मनाशी वाचून पुढे निघाले होते. तिथे 'कॅनडाचा नागरिक' होतं.

नागरिकशास्त्राचे तास माझ्याच गळ्यात असतात. आपल्या देशात दोन नागरिकत्वं एका वेळी ठेवता येत नाहीत, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलं दर वर्षी ते वहीत उतरवतात. त्या रकान्यापुढे मात्र ते वाक्य मला नव्याने कळलं. मागल्या खेपेला तू आलास तेव्हा काकूने फोटो बघायला पासपोर्ट मागितला होता. तू म्हणालास, बॅगेत तळाशी आहे, आणि तुझा हात शर्टाच्या खिशावर होता. दोन्ही देशांनी पासपोर्टला निळाच रंग ठेवलाय, तुझी केवढी सोय होती! पुढे केला असतास तरी तिला काय कळणार होतं? पण तू दाखवला नाहीस. तुला खोटं बोलता येत नाही, कमलेश, तुला फक्त गप्प बसता येतं. त्या रकान्यातही तू दुसरं काही ठोकून देऊ शकला असतास. नाही दिलंस. त्यासाठी मला तुझा अभिमान वाटला आणि पाठोपाठ रागही आला, की परक्या देशाच्या फॉर्मला जे खरं सांगितलंस ते आईला नाही. मी संगणक बंद केला आणि ठरवलं की मी काही वाचलेलं नाही.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूने निरोप पाठवून मला बोलावलं. खाटेवर बसली होती आणि मांडीवर ते लाल फडकं. नवमीला अजून इतके दिवस असताना! मी काही विचारणार तेवढ्यात म्हणाली, "आदी ता नाव दाखव, समिधाबाय." मी फोनवर दाखवलं. तिने लवंगेच्या चित्रावरून बोट फिरवलं. मागे मोरीत नळ चालू होता. ती म्हणाली, "आनि हा नाव कुनाला पन मिलतं का?" झालं! मास्तरणीला विषय मिळाला. मी नॉर्वेपासून सुरुवात केली. शेवटी ऐटीत सांगितलं, कॅनडाचं नाव फक्त कॅनडाच्या माणसालाच मिळतं. काकू शांतपणे म्हणाली, "मंग आपल्याला कसा मिल्ला?"

चौथी शिकलेली बाई. एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुठल्या परीक्षकाने विचारला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती आणि तिची बोटं फडक्याची गाठ सोडत होती. ती रडत नव्हती, चिडलेली नव्हती. उत्तर तिला बहुधा ठाऊक होतं, ते कुणीतरी उच्चारायला हवं होतं. आणि मी, अण्णांची मुलगी, ती बारीक खिडकी उघडली. म्हटलं, एक सवलत आहे काकू, परक्याची खूण चांगली असली तर त्या खुणेवरही देतात. शब्दाला शब्द लावला तर वाक्य जवळजवळ खरं. उत्तर साफ खोटं.

"ह्यांची लवंग?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. कमलेश, तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. मग नको होतास. नऊ वर्षांत तशी हसलेली मी तिला पाहिली नव्हती. "झिपऱ्या, आयकलास? त्यांच्या सरकारनं पाह्यली लवंग! आता ती कशी कुनाच्या हाती देऊ? कमूच येल आनि मारंल." आणि तिने गाठ पुन्हा आवळली, दोनदा. मोरीतला नळ बंद झाला होता. झिपरू दारात उभा होता, कोपरापर्यंत ओला. शर्टाला हात पुसून कामावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सालवडला जाऊन जागा पक्की करून आला.

त्या दुपारी तो नळावर काय करत होता, हे मला काल समजलं, आणि तेही काकूकडूनच. मी विचारलं नव्हतं, तीच सहज बोलून गेली. "बरा झाला तू सांगितलास. मी तं त्याला हात धुवून ये म्हनले व्हते, ह्यांचा पंच द्यावला." देणार होती, कमलेश. तुझी वाट बघणं संपवून ती खाटेवर बसली होती, आणि मी तिला ती वाट परत दिली. आता दांडीची जमना मासळी घेऊन येते तिलाही काकू सांगते, की कॅनडाच्या सरकारात आमची लवंग आहे. जमनाने त्या आनंदात दोन बोंबील वर घातले. मी गेले की काकू मला खुर्ची पुसून देते. ते मला सहन होत नाही.

म्हणून हे पत्र. तू परत ये, असं लिहायला मी बसलेली नाही. तू येणार नाहीस आणि त्यात तुझं काही चुकलंही नाही. येत्या शनिवारी दुपारी मी काकूकडे जाणार आहे आणि सांगणार आहे की मी खोटं बोलले, आपली लवंग तिथल्या कुठल्याच कागदावर नाही. त्यावर ती पुन्हा तेच विचारेल, आणि या वेळी त्याचं उत्तर माझ्या तोंडून तिने ऐकू नये. चार वाजता फोन कर. तुझ्याकडे साडेसहा, नुकतं उजाडत असेल. स्पीकर मी बंद करीन, फोन तिच्या कानाला लावून देईन आणि ओसरीवर जाऊन बसेन. तू तिथला झालास हे सांग, कधी झालास तेही सांग, आणि पंच कुणाच्या हातात द्यायचा ते तिला तुझ्या तोंडाने सांग, कारण नेमाने तो तुझा आहे आणि देण्याचा अधिकारही तुझाच. झिपरूला मी यातलं काही बोललेली नाही. शनिवारी तो पाचला हत्यारं आवरून निघतो, म्हणजे तुझ्याकडे एक तास आहे.

तुझीच, शनिवारपर्यंत खोटारडी,
समिधा